पाव किलो मटकी

मंगळवारी रात्री मटकी भिजत घातली. बुधवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधली. या पावसाळी हवेत आंबूस वास धरतो, म्हणून रात्री एकदा उठून गाठोडं हुंगलं. हो, हुंगलं. अडीच वाजता, अंधारात. गुरुवारी संध्याकाळी असले लांबसडक मोड की फोटो काढून ठेवला. मग गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा, वरून ओलं खोबरं. सात वाजता उसळ तयार.

साडेसातला बायको आली. चपला काढतानाच तिला वास आला. "अय्या, मटकी? अरे, आज दुपारी ऑफिसात मिसळच होती."

होती म्हणजे खाल्ली. चार पाव. रस्सा दोनदा घेतला. मी काहीही न विचारता हा सगळा तपशील मला मिळाला. "छान होती पण, तर्री कमी होती जरा."

फ्रिजवर कागद लावलाय. रविवारी सकाळी दीड तास घालवून मी तो लिहितो. सोमवार ते रविवार, दोन्ही वेळचं, रेघा मारून. गुरुवारच्या चौकटीत 'मटकी उसळ' असं निळ्या पेनानं लिहिलेलं आहे. ही बाई दिवसातून दहा वेळा त्याच फ्रिजचं दार उघडते. ऑफिसात पोहे, इडली, थाळी, सगळं मिळतं. तिला नेमकी मिसळच खावीशी वाटली!

आणि बाबा? ते तर सकाळीच बाद झाले होते. आठ वाजता, पोळ्यांची कणीक मळून झाल्यावर, पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आज संकष्टी आहे ना रे." आता सांगताय? साबुदाणा रात्री भिजवावा लागतो हो! मग भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, सगळं धावतपळत. बाबांना एरवी डायबेटिसमुळे बटाटा बंद. उपासाच्या बटाट्यात साखर नसते, असा त्यांचा जुना सिद्धांत आहे. म्हटलं, निदान रात्री उपास सोडताना उसळ खातील. "चंद्रोदयानंतर कडधान्य? झोप लागायची नाही मला." झालं. त्यांच्यापुढे साधं वरण-भात, आणि माझ्यापुढे पातेलंभर मटकी. कोरडी पाव किलोच घेतली होती. मोड आल्यावर तिचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

तीन माणसांच्या घराला या जगात जागाच नाही. कोबीचा गड्डा म्हणजे मुलं-सुना-नातवंडं असलेल्या घराचा ऐवज. सोमवारी भाजी, मंगळवारी कोशिंबीर, बुधवारी पराठे, आणि शुक्रवारी ड्रॉवर उघडला तर तो तसाच, उलट थोडा वाढलेला वाटतो. मेथीची जुडी अर्धी मिळत नाही. कोथिंबीर निम्मी काळी पडते. आणि मंडईतला तो आमचा नेहमीचा भाजीवाला! पाव किलो गवार मागितली की असा बघतो, जणू मी त्याच्याकडे उधार मागतोय. "पाव किलोनं काय होतंय साहेब, अर्धा करतो." करतो म्हणेपर्यंत तराजूत टाकलेलीसुद्धा असते.

बरं, गवार तरी कुणासाठी? बाबांना कवळीत अडकते. हिला पडवळ बघवत नाही, दोडका 'पाणचट' लागतो, दुधीचं नाव काढलं की आपण आजारी आहोत असं वाटतं. बाबांना वांगं वातूळ. मला भेंडी बुळबुळीत चालत नाही आणि कुरकुरीत करायला तेल फार लागतं, ते बाबांना चालत नाही. तिघांना आवडणारी भाजी एकच, बटाटा. तिचं काय ते वर सांगितलंच.

आणि 'काहीही चालेल'. रविवारी पेन घेऊन बसलो की दोघंही एका सुरात 'काहीही चालेल.' मग मी दुधी लिहिला की चेहरे का पडतात?

सगळ्यात डोक्यात जातं ते मात्र वेगळंच. सोसायटीत कुणीतरी मला निवडलेली मेथी घेऊन बाल्कनीत बसलेला बघतं आणि म्हणतं, "वा! बायकोला मदत करता!" मदत? अहो, तिला गोडा मसाल्याचा डबा कुठला ते तरी माहीत आहे का विचारा. आईसुद्धा गेली तेव्हा मसाल्याचं प्रमाण मला सांगून गेली. माझ्याच स्वयंपाकघरात मला मदतनीस ठरवणारे हे कोण?

तर काल रात्री मी एकटाच उसळ खात बसलो होतो, डाव्या हातात पाव, मनात भाषण तयार. आणि समोर भिंतीवर कालनिर्णय. फ्रिजपासून दोन हातांवर. संकष्टी ठळक छापलेली, चंद्रोदयाच्या वेळेसकट. रविवारी दीड तास रेघा मारताना मी त्याच भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. दुधाचा हिशोबही मी त्याच्यावरच लिहितो. भाषण तिथेच गिळलं. शिवाय मंगळवारी दुपारच्या चौकटीत 'पालक-डाळ' लिहिलेलं असताना मी कोपऱ्यावर दोन वडापाव खाऊन आलो होतो, तेही आठवलं. पालक अजून ड्रॉवरमध्ये आहे. आता त्याला पालक म्हणायचं का, हा प्रश्न आहे.

तरी राग काही उतरेना. झोपण्याआधी फ्रिजवरच्या कागदावर शुक्रवार, शनिवार, रविवार सगळं खोडलं आणि तिन्ही चौकटींत मोठ्या अक्षरात 'मटकी' लिहून ठेवलं.

आज सकाळी बघतो तर शनिवारच्या मटकीपुढे हिच्या अक्षरात कंस: '(मिसळ? तर्री जास्त)'. आणि खाली बाबांचं थरथरतं अक्षर: 'फरसाण बारीक आणणे.'

निघालोय आणायला. पाव किलो मागणार आहे, बघू किती देतो.