गच्चीवरच्या शेतीतली पगारी कामं: तो मेसेज चुकीचा आहे

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘१८ वर्षांखालच्या मुलांना सुट्टीत पैसे देऊन गच्चीवरच्या शेतीत राबवणं म्हणजे बालमजुरी, सरळ गुन्हा.’ हे खरं नाही.

१९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही, घरच्या कामात शाळा सांभाळून मदत केली तर चालते. १४ ते १८ वयाच्या मुलांना मात्र धोकादायक कामं सोडून बाकी कामं करता येतात. सलग तीन तासांनंतर एक तास सुट्टी हवी, विश्रांतीसकट दिवसाचे सहाच तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी.

म्हणून आमच्या गच्चीवरच्या शेतीत उन्हाच्या आधीचं, सहा वाजताचं पाणी आम्ही मोठी माणसंच घालतो. मुलं आठनंतर येतात, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चाळतात, पालकाच्या जुड्या बांधतात. फवारणीला त्यांना हात लावू देत नाही. परवा एका दहावीच्या मुलीने पहिल्या कमाईचं पाकीट आजीच्या हातात ठेवलं. तिला ‘बालमजूर’ म्हणू नका, कळकळीची विनंती.