शत्रूच्या गणवेशात

(स्पॉयलर आहेत. फॉलआउटचे जुने-नवे भाग, मेट्रो आणि वेस्टलँड ३ यातलं बरंच काही इथे उघड होणार आहे. ज्यांना हे गेम अजून खेळायचे आहेत त्यांनी पोस्ट सेव्ह करून ठेवा आणि खेळून झाल्यावर वाचा.)

प्रलयानंतरच्या जगातल्या आरपीजींवर (भूमिका घेऊन खेळायच्या गेमवर) लिहिताना लोक व्हिलन, गट आणि स्टेल्थ (लपूनछपून खेळणं) यांचे तीन वेगळे कप्पे करतात. व्हिलनला इतके गुण, गटांना इतके, स्टेल्थला इतके. मला हे कप्पेच मान्य नाहीत. या प्रकारच्या गेममध्ये तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात. एक काढून घेतली की बाकीच्या दोन लंगड्या होतात.

असं का, ते त्या जगाकडे पाहिलं की कळतं. सरकार गेलं, कायदा गेला, ओळखपत्रं गेली. उरले ते माणसांचे गट आणि प्रत्येकाचं आपापलं फाटक. तुम्ही कोण, हे तुमच्या अंगावर कोणाचं चिलखत आहे आणि काल तुम्ही कोणाच्या बाजूने गोळी झाडलीत यावरून ठरतं. अशा ठिकाणी लपायचं म्हणजे अंधारात वाकून चालणं पुरेसं नाही. लोकांमध्ये मिसळून जाता आलं पाहिजे. मिसळायचं तर ते लोक कसे बोलतात, कोणाला घाबरतात, कशावर विश्वास ठेवतात हे माहीत हवं. आणि एवढं माहीत झाल्यावर त्यांचा नेता तुमच्यासाठी नुसता हेल्थ बार असलेला राक्षस राहत नाही.

१९९७ च्या पहिल्या फॉलआउटला हे पहिल्याच फटक्यात कळलं होतं. मास्टर हा तिथला व्हिलन. कॅथेड्रलखालच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे भूमिगत आश्रयस्थानात, तो यंत्रांशी एकजीव होऊन बसलेला आहे आणि एकाच वाक्यात अनेक आवाजांत बोलतो. सगळ्या माणसांना सुपर म्युटंट (राक्षसी ताकदीचे उत्परिवर्तित जीव) करून टाकलं की भेद संपतील, भेद संपले की युद्ध संपेल, असं त्याला मनापासून वाटतं. त्याच्यापर्यंत लढत जाता येतं. पण त्याच्या पंथाचा झगा अंगावर चढवून त्याच्याच पहारेकऱ्यांमधून चालतही जाता येतं. आणि पोचल्यावर? मारामारी करता येते, किंवा त्याला न भेटताच आणखी खाली उतरून तिथला अणुबॉम्ब सुरू करता येतो. तिसरा मार्ग मला सगळ्यात मोठा वाटतो. जुनं तंत्रज्ञान जपणाऱ्या ब्रदरहूड या गटाच्या व्री या शास्त्रज्ञ बाईकडून म्युटंटच्या शवविच्छेदनाची डिस्क मिळवायची आणि मास्टरला दाखवून द्यायचं की त्याची प्रजा वांझ आहे, त्याचं भविष्य एका पिढीत संपणार आहे. त्याला ते पटतं. पटल्यावर तो स्वतःच सगळं संपवतो.

ज्या व्हिलनला पुरावा दाखवून हरवता येतं तो खरा व्हिलन, असं मी तेव्हापासून मानत आलो आहे. त्याला काहीतरी हवं असतं, त्यामागे विचार असतो, आणि त्या विचारातली फट शोधायची तर आधी शत्रूच्या घरात शिरून कान उघडे ठेवावे लागतात.

आता फॉलआउट: न्यू वेगास. २०१० साली आलेला हा गेम ऑब्सिडियनने बनवला. त्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण हा सगळा विषय त्याच्या इतका खोलवर कोणीच नेलेला नाही.

इथे झुंज आहे ती एनसीआर (कॅलिफोर्नियातलं लोकशाही राज्य) आणि सीझर नावाच्या हुकूमशहाची फौज, लीजन, यांच्यात. लीजनची पहिली ओळख बहुतेकांना निप्टन गावात होते. गाव जळतंय, माणसं क्रूसावर टांगलेली आहेत, कोणी जगायचं आणि कोणी मरायचं हे लॉटरी काढून ठरवलंय. हे सगळं घडवणारा वल्पीझ इनकल्टा तुम्हाला काहीच करत नाही. जे पाहिलंत ते जाऊन लोकांना सांगा, म्हणतो. पुढे बऱ्याच तासांनी, स्ट्रिप या कॅसिनोंच्या रस्त्याच्या झगमगाटात, टॉप्स कॅसिनोतून बाहेर पडताना साध्या सूटमधला एक माणूस जवळ येतो. तोच हा. ज्या रस्त्यावर एनसीआरचे शिपाई मोकळ्या वेळात मजा करायला येतात, तिथे लीजनचा हेरप्रमुख आरामात उभा आहे. पहिल्यांदा खेळताना त्या क्षणी मी कंट्रोलर खाली ठेवला होता. तोवर मला वाटत होतं की स्टेल्थ हे खेळणाऱ्याचं हत्यार आहे. या गेमने दाखवलं की समोरचाही ते तुमच्यावर चालवतो.

कॅम्प मॅकरनची क्वेस्ट (मोहीम) याच धाग्यावरची आहे. एनसीआरच्या या तळावरून माहिती फुटतेय म्हणून कर्नल श्यू तुम्हाला हेर शोधायला सांगतात आणि मदतीसाठी कॅप्टन कर्टिसकडे पाठवतात. कर्टिस सभ्य आहे, कामाला तत्पर आहे, आणि लीजनचा हेर तोच आहे. रात्री कंट्रोल टॉवरमध्ये दबा धरून बसलं की तो रेडिओवर बोलताना ऐकू येतो, आणि मग मोनोरेलमधला बॉम्ब वेळेत शोधावा लागतो. एकही गोळी न झाडता, नुसतं बसून ऐकल्याने कळणारी ही गोष्ट. तळावरच्या लोकांची तोंडओळख झालेली असेल तर ती किती जोरात लागते!

यंत्रणा म्हणून पाहिलं तरी विचार पक्का आहे. प्रत्येक गटाच्या लेखी तुमची कीर्ती आणि अपकीर्ती वेगवेगळी मोजली जाते, एक दुसरीला पुसत नाही. गावाला वाचवलंत आणि त्याच गावात चोऱ्याही केल्यात, तर लोक तुमच्याकडे गोंधळून पाहतात. फॉलआउट ३ मध्ये चांगल्या-वाईटाचा एकच कर्माचा काटा होता, त्याच्यापुढे हे कितीतरी खरं वाटतं. वर गटांचे गणवेश आहेत. एनसीआरचं चिलखत घातलं की त्यांचे शिपाई तुम्हाला आपला समजतात, लीजनवाले मात्र बघताक्षणी तुटून पडतात. त्यातही हे सोंग सगळ्यांपुढे टिकत नाही. पहारेकरी कुत्री, एनसीआरचे रेंजर, लीजनचे सेंच्युरियन अशांच्या फार जवळ गेलात की पकडले जाता. कोणाच्या नजरेला नजर द्यायची आणि कोणाला वळसा घालायचा, हे त्या गटाची उतरंड माहीत असेल तरच ठरवता येतं. मला हवी ती स्टेल्थ हीच.

माझा सगळ्यात आवडता तपशील फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. सीझरच्या फोर्टमध्ये शिरताना शस्त्रं काढून द्यावी लागतात, कॅसिनोंमध्येही तेच. पण लहान, लपवता येतील अशी शस्त्रं जवळ राहू शकतात, आणि स्नीक (लपण्याचं स्किल) ५० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याहून मोठीही आत नेता येतात. म्हणजे सीझरच्या तंबूत तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून बोलताय, तो जुन्या इतिहासाचे दाखले देतोय, आणि तुमच्या कपड्यांखाली पिस्तूल आहे की नाही हे एका स्किलवर ठरलेलं आहे. संवादाच्या आत स्टेल्थ आलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

सीझरही अशा वागणुकीला लायक व्हिलन आहे. त्याचं मूळ नाव एडवर्ड सॅलो. फॉलोअर्स ऑफ द अपोकॅलिप्स या शिकवणाऱ्या, उपचार करणाऱ्या गटात तो वाढला. टोळ्यांच्या बोली अभ्यासायला गेला आणि पुस्तकातलं रोम डोक्यात घेऊन त्याने ८६ टोळ्या जिंकून एक केल्या. एनसीआर जुन्या जगाच्याच चुका परत करतंय, ही त्याची टीका तुम्हाला एनसीआरच्या छावण्यांमध्ये जागोजागी खरी ठरताना दिसते. त्याच वेळी त्याने उभं केलेलं राज्य गुलामीवर चालतं, हेही त्याच्याच तळावर उघड दिसतं. तो बरोबर काय बोलतो आणि भयंकर काय करतो, दोन्ही डोळ्यांनी पाहायला मिळतं. त्याच्या मेंदूत गाठ आहे आणि शस्त्रक्रिया तुमच्या हातून होऊ शकते. वाचवायचं की हात मुद्दाम चुकवायचा? मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो आहे.

शेवटी हूवर धरणावर लॅनियस उभा असतो. मुखवटा, भलीमोठी तलवार, ज्याच्या नुसत्या नावाने सगळा गेम भीती घालतो असा सरदार. स्पीच (बोलून पटवण्याचं स्किल) पुरेसं असेल तर त्याला माघार घ्यायला लावता येते. त्याचा मुद्दा सैन्याचा असतो आणि तुमचं उत्तरही सैन्याचंच असतं: पश्चिम जिंकलीस तरी ती धरून ठेवताना पूर्व हातची जाईल. हे पटवायला लीजन कशी चालते हे तुम्हाला ठाऊक असावं लागतं, नुसता स्किलचा आकडा दाखवून तो प्रसंग रंगत नाही.

याच गेमच्या डेड मनी या विस्तारात एलायजा आहे. ब्रदरहूडचा एकेकाळचा एल्डर. त्याने तुमच्या गळ्यात स्फोटकाची पट्टी अडकवली आहे. सिएरा माद्रेच्या तिजोरीसाठी तो वेडा झालाय, आणि त्याला न मारता, त्याची नजर चुकवून बाहेर पडून, त्या तिजोरीतच कायमचं कोंडता येतं. ज्याच्या हव्यासावर सगळी कथा उभी आहे त्याला तो हव्यासच पुरतो, आणि हे साधतं ते दबकत चालण्याने. लेखन आणि यंत्रणा एकमेकांत इतकी मिसळलेली पाहिली की लिहिणाऱ्यांबद्दल फार आदर वाटतो.

आणि मग २०१५ मध्ये फॉलआउट ४ आला. त्यात आवडण्यासारखं खूप आहे, मी तो भरपूर खेळलोय. पण या बाबतीत तो मागे गेला, आणि मला त्याचं वाईट वाटतं. स्टेल्थ तिथे हिशेब झाली. निन्जा या पर्कची (खास क्षमतेची) शेवटची पायरी गाठली की लपून केलेला हातघाईचा वार दहापट लागतो. खेळायला मजा येते, नाही म्हणत नाही, पण त्या दहापटीचा तुमच्या शत्रूशी काही संबंध नसतो. तो रेडर (लुटारू) असो, सिंथ (माणसासारखा यंत्रमानव) असो की ब्रदरहूडचा शिपाई, मागून जायचं आणि हाणायचं. गणवेश घालून मिसळायची सोय काढून टाकली. दुःख जास्त यासाठी की कथा सगळीच्या सगळी लपण्याबद्दल आहे! शेजारी माणूस आहे की सिंथ या भीतीने आख्खं कॉमनवेल्थ (गेममधला प्रदेश) पोखरलंय. सिंथना पळून जायला मदत करणारा रेलरोड हा गटच भूमिगत आहे. त्यातला डीकन तर तुमची त्याच्याशी ओळख होण्याआधीपासून वेगवेगळ्या वेशांत तुमच्या मागावर असतो, लक्ष असेल तर गर्दीत दिसतोही. इतकी सुंदर कल्पना हाताशी होती, आणि खेळणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच दिलं नाही. सिंथ बनवणाऱ्या इन्स्टिट्यूटमध्ये राहून रेलरोडसाठी काम करायचा भाग आहे, तो मला मनापासून आवडला, पण तोही शेवटी रिॲक्टर उडवण्यापाशीच येऊन थांबतो.

याच गेममधल्या केलॉग या भाडोत्री मारेकऱ्याचं तर फारच मनाला लागतं. फोर्ट हेगनमध्ये त्याच्यासमोर गेलात की मारण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. आणि मारून झाल्यावर गेम तुम्हाला त्याच्या आठवणींमधून फिरवतो, त्याची बायको, मुलगी, त्यांचे खून, तो असा का झाला ते सगळं दाखवतो. हे आधी कळलं असतं तर? फोर्टमध्ये लपत-छपत फिरताना थोडं थोडं हाती लागलं असतं, आणि मग त्याच्यासमोर उभं राहून ठरवायचं असतं? सगळा माल तयार होता, फक्त क्रम चुकला.

वेस्टलँड ३ (२०२०) बद्दल थोडक्यात. कोलोरॅडोचा पेट्रिआर्क हा जवळजवळ आदर्श व्हिलन आहे, कारण तो तुमचा मालक असतो. त्याच्या मदतीवर तुमची रेंजर तुकडी जगणार असते, आणि त्याला पाठिंबा द्यायचा की खाली खेचायचं हा प्रश्न शेवटपर्यंत डोकं खातो. गटांचं राजकारणही भक्कम. स्टेल्थ मात्र लढाईतला पहिला वार जोरात बसण्यापुरतीच.

आणि एक उदाहरण आरपीजीच्या कुंपणाबाहेरचं. मेट्रो २०३३ (२०१०) आणि लास्ट लाइट (२०१३) हे शूटर आहेत, पण ऐकण्याचं मोल त्यांना कळलंय. बोगद्यातले दिवे विझवायचे, बल्ब काढायचे, आपण उजेडात आहोत की अंधारात ते मनगटावरच्या उपकरणावर बघायचं, आणि पलीकडे रेड लाइन (कम्युनिस्ट) किंवा राइख (नाझी) या गटांचे शिपाई घराबद्दल, भुकेबद्दल बोलतायत ते ऐकायचं. गेम तुम्हाला न सांगता याची नोंद ठेवतो. कोणाला जगू दिलंत, कोणाचं बोलणं थांबून ऐकलंत, त्यावर शेवट बदलतो. राइखच्या गणवेशातलं ते पोरगं फक्त थकलेलं आहे हे कळल्यावर त्याच्या गळ्यावर सुरी चालवणं जड जातं. विचारसरणी भयानक आहे आणि तिचे शिपाई साधी माणसं आहेत, या दोन्ही गोष्टी एकदम पेलणं मला मोठं काम वाटतं.

गणवेशाची स्टेल्थ बनवणं कठीण असतं, हे मला मान्य आहे. प्रत्येक संवादाच्या वेगळ्या आवृत्त्या लागतात, क्वेस्ट तुटतात. न्यू वेगासमध्येही ती ठिकठिकाणी ओबडधोबड आहे, कधी सेंच्युरियन फार लांबून ओळखतो, कधी नाकासमोर उभं राहिलं तरी नाही. तरीही मी गुळगुळीत दहापट वारापेक्षा ती अर्धवट सोय हजारदा निवडेन.

न्यू वेगास पुन्हा सुरू करणार असाल तर एकदा असं खेळून बघा. स्नीक आणि स्पीच दोन्ही लवकर वाढवा, स्नीक निदान ५० तरी. बून या साथीदाराला घरी ठेवा, लीजनचा माणूस दिसला की तो थेट गोळी घालतो आणि सगळा डाव तिथेच मोडतो. वल्पीझने स्ट्रिपवर दिलेली सीझरची खूण जवळ ठेवा, तिने लीजनशी झालेलं जुनं वैर पुसलं जातं. मग फोर्टमध्ये जा आणि सीझरला त्याचे सगळे प्रश्न विचारून संपवा, एकही ऑप्शन सोडू नका. काय निर्णय घेतलात ते खाली लिहा. आणि ज्यांनी अंडररेल हा आरपीजी स्टेल्थ बिल्डने (लपण्यावर भर देऊन) शेवटपर्यंत नेलाय त्यांनी तिथले गट या मोजमापात कुठे बसतात हे जरूर सांगा, मला त्यावर खरंच बोलायचंय.