हसून बोल की जरा!

आज वर्धा रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. नववीतली एक ऑटिस्टिक पोरगी, अंगात टोचरं जरीचं ब्लाउज, समोर डीजे, आणि मावशीचा धोशा : "हसून बोल की जरा!" पोरगी बोलली. तर लगेच शेरा, "किती छान बोलते, कसलं आलंय ऑटिझम?" डोकंच फिरलं.

छान बोलत नव्हती हो ती, राबत होती. डोळ्यांऐवजी समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघायचं, मनात तीन मोजून नजर हलवायची. मामेबहीण हसली की हसायचं. "अभ्यास काय म्हणतो?"चं उत्तर घरूनच पाठ. हात झटकावेसे वाटले की चपलेत पायाची बोटं आवळायची, कोणाला दिसत नाही. याला मास्किंग म्हणतात. मुली यात लवकर तयार होतात, कारण "मुलीच्या जातीला शोभत नाही" हे त्यांनाच ऐकावं लागतं.

गाडीत बसल्यावर त्याच पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. पाणी हवं का, तर मानही हलेना. पण ते बघायला शेरा मारणारं कोणी नव्हतं.

लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाच्या ऑटिझमवरच्या १९४३ च्या निबंधातल्या ११ मुलांत मुली ३ च होत्या. आजही ऑटिझम म्हटलं की मुलगाच डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए (ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी) ही चाचणी लावतात : ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली आलं की ऑटिझम नाही. शांत खोलीत, एकाच मॅडमसमोर अशी पोरगी ७० च्या आत राहू शकते. मग नुसता चिंतेचा नाहीतर नैराश्याचा शिक्का. म्हणून चाचणीला जाताना शाळेतून आल्यावरच्या पहिल्या तासात काय होतं ते आठवडाभर लिहून न्या. आणि "मनात मोजून बघतेस का, वाक्यं पाठ करतेस का" हे मॅडमना तिलाच विचारायला लावा.

चार रीती सगळ्यांनाच शिकाव्या लागतात, मान्य. पण नमस्कार लांबूनही होतो ना!

आईवर राग नाही माझा. पोरीला घरी ठेवलं तरी "काऊन नाही आणली?" तिलाच ऐकावं लागतं. तर ताई, पुढच्या लग्नाला ब्लाउजला सुती अस्तर लावा. टॅग कापू नका, उरलेली कड जास्त टोचते, पूर्ण उसवा. कानात इअरप्लग, खुर्ची स्पीकरपासून लांब, पाठीशी भिंत. घरून वरण-भात खाऊ घालून न्या. निघायची वेळ आधी सांगा आणि पाळा, "पाच मिनिटं अजून" नको. गाडीत गाणी नाहीत, प्रश्न नाहीत. "कसं वाटलं?" ते दुसऱ्या दिवशी.

आणि मावशी, फोटोसाठी तिचा दंड धरून ओढू नका. येतेस का, विचारा. नाही म्हणाली तर तिच्याशिवाय फोटो काढा.