ओबीडीत डोंगल लावला की ईसीएम जळतो म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आलाय. म्हणणं असं: गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (बिघाड तपासायला दिलेलं सॉकेट) ब्लूटूथ डोंगल (गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) किंवा लॅपटॉप लावू नका. तो सेन्सरची वीज खेचतो, चालतं इंजिन बंद पाडतो, ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जाळतो, बॅटरी उतरवतो, आणि त्यातून हॅकर ब्रेक ताब्यात घेतात. शेवटी अर्थातच 'सर्वांना पाठवा'. एकेक बघू.

'सेन्सरची वीज खेचतो.' सगळी गल्लत इथेच आहे. स्टिअरिंगखालच्या त्या १६ पिनांच्या सॉकेटात १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस असतो, ४ आणि ५ वर मायनस (अर्थिंग), ६ आणि १४ वर क्यान बसच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून आपसात बोलतात त्या, दोन तारा. इंजिनाच्या सेन्सरची तार तिथे येतच नाही. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान हवं असेल तर लॅपटॉप ईसीएमला '०१ ०५' असा प्रश्न टाकतो. उत्तर येतं, समजा, '४१ ०५ ८०'. शेवटचा ८० हेक्समधला (१६ च्या पायावरची मोजणी), म्हणजे आपले १२८. त्यातून ४० वजा केले की ८८ अंश सेल्सिअस. हा आकडा ईसीएमने स्वतःच्या कामासाठी आधीच काढून ठेवलेला असतो, आपण फक्त विचारला.

मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा दुसरीच गोष्ट कुठेतरी ऐकली असावी: सेन्सरच्या तारेलाच हात घालणं. तिथे मात्र जपायला हवं. कूलंट सेन्सर हा थर्मिस्टर, तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. ईसीएम आपल्या आतल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो आणि तारेवर किती उरले ते बघतो. त्या तारेला बल्बवाला टेस्ट लॅम्प लावला की बल्ब करंट खातो, व्होल्टेज पडतं आणि थंडगार इंजिन ईसीएमला तापलेलं वाटतं. मग पेट्रोल कमी सुटतं, गाडी गचके खाते. डिजिटल मल्टिमीटर लावला तर असं होत नाही. त्याचा इनपुट साधारण १० मेगाओहमचा आणि गरम सेन्सर काहीशे ओहमचा, त्यामुळे ईसीएमला पत्ताही लागत नाही. धुरातला ऑक्सिजन जोखणाऱ्या साध्या ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल जेमतेम ०.१ ते ०.९ व्होल्टचा. तिथे व्होल्टेज वाचायला लॅपटॉपला जोडायचं कार्डही असंच मोठ्या इनपुट रेझिस्टन्सचं हवं.

'चालतं इंजिन बंद पाडतो.' क्यान बसवर प्रत्येक मेसेजला क्रमांक असतो. दोघे एकदम बोलू लागले तर लहान क्रमांकवाला पुढे जातो आणि दुसरा गप्प बसतो. नेहमीच्या ११ बिटांच्या पद्धतीत क्रमांक ० ते २०४७. ओबीडीचा प्रश्न २०१५ क्रमांकाने जातो, इंजिनाचं उत्तर २०२४ ने येतं. म्हणजे रांगेत जवळजवळ शेवटी, इंजिनाच्या कामाच्या मेसेजना वाट देऊन. हां, निकृष्ट नकली डोंगल चुकीच्या वेगाने बसवर बडबडू लागला तर गोंधळ होऊन डॅशबोर्डवर एखादा दिवा लागू शकतो. हा दोष त्या डोंगलचा.

'ईसीएम जळतो.' सॉकेट याच कामासाठी दिलंय. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं आहे, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून. सर्व्हिस सेंटरवाले रोज स्कॅनर लावतात तो तिथेच. मी पाहिलेला एकमेव जळका ईसीएम जंपस्टार्टच्या केबली उलट्या लावल्याने गेला होता. त्यावर मेसेज कोणी काढत नाही!

'बॅटरी उतरते.' हे खरंय. १६ नंबरची पिन चावी काढल्यावरही चालू असते. डोंगल ४०-५० मिलिअँपिअर घेत बसला तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात कागदावर रिकामी, आणि स्टार्टर फिरवायची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. गाडी लावून गावाला निघालात तर डोंगल काढा.

'हॅकर.' २०१५ ची गाजलेली जीप गाडीतल्या मोबाइल नेटवर्कवरून ताब्यात घेतली होती, त्यात डोंगल नव्हता. मात्र त्याच वर्षी संशोधकांनी ओबीडीत लावलेल्या एका सिमवाल्या डोंगलला एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक चालवून दाखवले. सिमवालं यंत्र कायम लावून ठेवण्याबद्दल शंका घेतलीच पाहिजे. वाचण्यापुरता लावून काढलेल्या ब्लूटूथ डोंगलला ही गोष्ट लागू होत नाही.

खरी धोक्याची जागा या मेसेजमध्ये आलेलीच नाही. प्रश्नाच्या सुरुवातीचा '०१' लाइव्ह आकडे वाचतो, '०३' साठवलेले बिघाडाचे कोड वाचतो. '०४' मात्र पुसतो. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती, तापमान किती, वेग किती, ही नोंद. ॲपमध्ये हे बटण वाचायच्या बटणाला खेटूनच असतं. चेक लाइट लागलाय आणि गाडी उद्या गॅरेजला न्यायचीय, तर आधी त्या आकड्यांचा स्क्रीनशॉट काढा आणि 'क्लिअर' मेकॅनिकलाच दाबू दे.