झोपाळ्याबद्दल : 'स्पष्टवक्ता' यांना उत्तर

नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचे बदलते आकडे, यावरच्या माझ्या मागच्या लेखाला 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. अर्धीच छापली असं कुणी म्हणायला नको, म्हणून पूर्ण देते :

"मॅडम, लेख वरवरचा वाटला. बाई कमवायला लागली की मार कमी होतो हे तुमचं मुख्य म्हणणंच चूक आहे, उलट कमावत्या बायकांत प्रमाण जास्त आहे. देशाचा आकडा उतरला म्हणता, पण महाराष्ट्राचा लॉकडाऊनमुळे वाढला, तो सोयीस्करपणे गाळलात. वयोगट चुकलाय. दारूला दोन ओळी. सदाशिव पेठेतल्या झोपाळ्यावर बसून नवरा-बायकोच्या मारहाणीवर लिहिणं सोपं असतं."

आधी जे कबूल करायचं ते करून टाकते. वयोगट चुकला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) २९.३ टक्के हा आकडा १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांचा आहे. मी '१५ ते ४९' लिहिलं होतं. काल रात्रीच दुरुस्त केलं. आभार.

आता 'मॅडम'. मी ३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर बसले. 'मॅडम' हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकलाय, त्यामुळे त्यात आदर किती आणि 'तुम्हाला काय कळतंय' किती, हे मला पहिल्या अक्षरावर कळतं. 'सोयीस्करपणे' या शब्दाचंही तसंच. आकडा राहून गेला, असं म्हणता आलं असतं. तुम्ही मी तो लपवला असं म्हणताय. रात्री पावणेबाराला, नाव न सांगता, एका बाईला खोटी ठरवायची आणि स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यायचं. असो.

खरा राग मला झोपाळ्याचा आलाय. मी धनकवडीत राहते, दुसरा मजला, लिफ्ट नाही. झोपाळा टांगायचा म्हटलं तर आमच्या हॉलमध्ये आधी सोफा बाहेर काढावा लागेल. पण तुम्ही नेम न धरता मारलेला दगड नेमका लागलाय. सदाशिव पेठेतला एक झोपाळा मला ठाऊक आहे, आणि तुम्हाला वाटतो तसा तो नव्हता.

माझी मावशी पेठेतल्या एका वाड्यात दिली होती. मे महिन्याच्या सुट्टीत आई मला तिच्याकडे पाठवायची. १९७१ साली मी नऊ वर्षांची होते. काका शाळेत शिकवायचे, संध्याकाळी मुलांना फुकट श्लोक शिकवायचे, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. माजघरात सागवानी झोपाळा होता, पितळी कड्यांचा. एरवी त्यावर मावशीच्या सासूबाई वाती वळत बसायच्या, झोपाळा जेमतेम हलायचा. काका मावशीला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लागलं, की सासूबाई पाय रेटून जोरजोरात झोके घ्यायला लागायच्या. कड्या करकर वाजायच्या. मला वाटायचं, म्हातारीला हुक्की आली. मोठी झाल्यावर कळलं की पलीकडच्या बिऱ्हाडाला आतला आवाज जाऊ नये म्हणून तो उद्योग होता. दोन बिऱ्हाडांमध्ये एक फळ्यांची भिंत. त्यांना तो आवाज जात नसेल असं मला आज वाटत नाही. करकर सुरू झाली की पलीकडचा रेडिओही मोठा व्हायचा.

तर स्पष्टवक्तेसाहेब, त्या झोपाळ्यावर बसून लिहिणं सोपं असतं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या वाक्यामागे एक समजूत आहे : हे सगळं वस्तीत चालतं, पेठेत नाही. याच शहरात १९८२ साली मंजुश्री सारडा गेली, लग्नानंतर चार महिन्यांत. शिकलेलं, खातंपितं घर. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तिच्या नवऱ्याची खुनाच्या आरोपातून निर्दोष मुक्तता केली, हेही सांगायला हवं. पण तिच्या मृत्यूनंतर पुण्यातल्या बायका रस्त्यावर आल्या, त्यातूनच नारी समता मंच उभा राहिला. 'मी एक मंजुश्री' हे त्यांचं पोस्टर प्रदर्शन मी तेव्हा पाहिलंय. माझ्या पुढे एक नऊवारीतल्या आजी उभ्या होत्या, त्या प्रत्येक पोस्टरपुढे मान हलवत होत्या, आश्चर्य वाटल्यासारखी नाही, हिशेब जुळल्यासारखी. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं. पुण्याच्या मोर्चाने कायदा झाला असं मी म्हणत नाही, दिल्लीत, मुंबईतही हेच पेटलं होतं. आणि आकडेच हवेत तर घ्या : पाचव्या फेरीत सगळ्यात गरीब गटात मारहाणीचं प्रमाण ३९ टक्के, सगळ्यात श्रीमंत गटात १७. निम्म्याहून कमी, मान्य. पण १७ टक्के म्हणजे दर सहा बायकांमागे एक. तुमच्या सोसायटीत किती फ्लॅट आहेत?

आता कमाईचा मुद्दा. तुम्ही माझं 'मुख्य म्हणणं' म्हणून जे सांगताय ते माझं म्हणणं नव्हतं. मी लिहिलं होतं, "बाईच्या हातात पैसा आला की घरातलं गणित बदलतं." हातात. खात्यात नव्हे. हा फरक ज्याला कळत नाही त्याने बँकेत एक महिना बसावं.

दर महिन्याच्या सात तारखेला पगार तिच्या खात्यात जमा, आणि आठ तारखेला सेल्फचा चेक घेऊन नवरा रांगेत. अख्ख्या चेकबुकावर आधीच तिच्या सह्या घेऊन ठेवलेल्या मी पाहिल्यात. पुढे एटीएम आलं, तेव्हा तर तिने शाखेत यायचीही गरज उरली नाही : कार्ड त्याच्या खिशात, पिन त्याने ठरवलेला. एका बाईंची सही जुळेना. हाताला प्लास्टर होतं. "नळावर पडले," म्हणाल्या. मी डाव्या हाताची नवी नमुना सही घेतली, साहेबांची मंजुरी आणली, पासबुक भरून दिलं. दुसरं काही विचारलं नाही. रांग मोठी होती.

तेव्हा कमावत्या बायकांत प्रमाण कमी दिसत नाही, जास्तच दिसतं, हे तुम्ही मला शिकवू नका. सर्वेक्षणात ते आहे, आणि मी ते काचेच्या अलीकडून पाहिलंय. ज्या घरात चूल पेटावी म्हणून बाईला बाहेर पडावं लागतं, तिथे कमाईबरोबर ओढगस्तही असते, आणि ज्याचा पगार बायकोपेक्षा कमी त्याचा अहंकार दुखावलेला असतो. यात तुमचं काही नवीन नाही. माझ्या लेखातला शेवटून दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. तो थोडा आणखी उलगडून लिहायला हवा होता, एवढं म्हणू शकता.

मग गणित बदलतं कशाने? पुन्हा मावशीकडे येते. एका मावशीवरून निष्कर्ष काढता, असं तुम्ही म्हणणार हे माहीत आहे, थांबा जरा.

१९८८ साली माझे आजोबा गेले. त्यांनी मृत्युपत्रात सिंहगड रोडवरची दोन खोल्यांची जागा मावशीच्या नावावर केली होती. मामांनी तोंडं वाकडी केली, पण मृत्युपत्र पक्कं होतं. मावशी तिथे राहायला कधीच गेली नाही. भाडेकरू ठेवला. दुसरी किल्ली मात्र तिने कमरेला लावली, कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, आणि चालताना ती वाजायची. त्या वर्षापासून काकांचा हात तिच्यावर उठला नाही. काका सुधारले असतील, वय झालं असेल, म्हणा हवं तर. मावशीला मी एकदा सरळ विचारलं. ती म्हणाली, "अगं, त्यांना कळलं की मी जाऊ शकते."

आणि आता तुमच्यासाठी आकडे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी नेमकं हेच तपासलं, २००५ साली ते छापून आलं. ज्या बायकांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांतल्या ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. दोन्ही नावावर असलेल्यांत ७ टक्के. मावशी त्या सातांतली नव्हती, पण तिला हा अभ्यास समजावून सांगावा लागला नसता.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं, ते याच राज्यात. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, देशाचा कायदा त्यासाठी २००५ साली बदलला. पण भाऊ दिवाळीला साडी घेतो आणि बहीण हक्कसोड पत्रावर सही करते, हे आपल्याकडे प्रेमाने चालतं. २०२१ पासून बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती सवलत घेणारे किती जण पुढे कपाटाची किल्लीही तिच्याकडे देतात, हा प्रश्न वेगळा.

हे सगळं सदाशिव पेठ, धनकवडी, कुठेही बसून कळतं. त्यासाठी झोपाळा लागत नाही.

महाराष्ट्राचा आकडा. होय, वाढला : चौथ्या फेरीत (२०१५-१६) २१.३ टक्के, पाचव्यात २५.२. एका लेखात सगळी राज्यं मावत नाहीत. पण तुम्ही ते लॉकडाऊनवर ढकललंत, आणि इथे, माफ करा, मला हसू आलं. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम डिसेंबर २०१९ मध्येच संपलं होतं. लॉकडाऊन लागला मार्च २०२० मध्ये. दुसऱ्याला आकडे शिकवण्याआधी तारीख बघायची असते.

शेजारच्या कर्नाटकात तर आकडा २०.६ वरून ४४.४ वर गेला. चार वर्षांत तिथले नवरे दुप्पट मारायला लागले, असं कुणी म्हणेल का? या सर्वेक्षणात घरातल्या एकाच बाईला, ती एकटी असतानाच हे प्रश्न विचारतात. एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. 'छळ होतो का' असं मोघम विचारत नाहीत. ढकललं का, थप्पड मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, गळा दाबला का, असं एकेक. विचारणारी कशी बसली, कसं बोलली, दाराआड कोण होतं, यावर उत्तर बदलतं. त्यामुळे वाढलेल्या आकड्यात वाढलेलं बोलणंही असतं. मार बसलेल्यांतल्या जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाची मदत मागितली होती. माझ्या मावशीला कुणी एकांतात गाठून विचारलं असतं तरी तिने 'नाही' सांगितलं असतं, आणि चहा टाकला असता.

नवऱ्याने मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका देशात चौथ्या फेरीत ५२ टक्के होत्या, पाचव्यात ४५ झाल्या. पुरुष मात्र ४२ वरून ४४. हे तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. आणि हो, माझ्याही लेखातून सुटलं, पण त्याबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही, म्हणून मी ती कबूल करायला बांधील नाही.

दारू. वारंवार पिऊन तर्र होणाऱ्यांच्या बायकांत प्रमाण ७० टक्के, न पिणाऱ्यांच्या बायकांत २३. गावागावांत बायका दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकानं बंद पाडतात, ते उगीच नाही. स्वतंत्र लेख लिहीन. पण उरलेल्या २३ टक्क्यांचं काय करायचं, ते तुम्ही सांगा. काका चहासुद्धा घ्यायचे नाहीत, हे वर आलंच आहे.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, ती तशीच राहील. पुढच्या वेळी नाव लिहिलंत तर उत्तर लवकर देईन.

वाडा २००४ साली पाडला. काका तोवर गेले होते. सासूबाई त्याच्याही आधी. सामान हलवताना मामेभाऊ म्हणाला, "झोपाळा ठेवा, हल्ली असं लाकूड मिळत नाही." मावशीने फळी त्याला देऊन टाकली. कड्या मात्र स्वतः सोडवल्या आणि बोहरी आळीतल्या मोडवाल्याकडे नेल्या. मी बरोबर होते. त्याने त्या तराजूत टाकल्या आणि विचारलं, "आजी, जुनं काम आहे, नक्की मोडायच्या ना?"

"वजन कर," मावशी म्हणाली.