सिलिकॉनच्या खेळण्याला चिमटा काढून काय कळतं?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. बाळासाठी खेळणं घेताना फूड ग्रेड आणि बीपीए फ्री (बीपीए म्हणजे काही प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं एक रसायन) लिहिलंय का बघा, मग चिमटा काढून पिळा, पांढरं पडलं तर भेसळ, नाही पडलं तर अस्सल, अस्सल सिलिकॉन तुटत नाही म्हणून बिनधास्त बाळाच्या हातात द्या, दात येत असतील तर फ्रीझरमध्ये कडक गोठवून द्या. माझ्या एका मैत्रिणीने यावर विसंबून खरेदीसुद्धा केली, म्हणून लिहितेय.

आधी चिमटा. मेसेज म्हणतो पांढरं पडलं म्हणजे आत फिलर, म्हणजे भर घातलेली पूड, आणि फिलर म्हणजे भेसळ. अहो, सिलिकॉन रबरात फिलर असतोच! नुसतं सिलिकॉन फार कमकुवत, सहज फाटतं, म्हणून चांगल्यातल्या चांगल्या मालातही बारीक सिलिका घालतात. शिवाय पांढरेपणा रंगावर, जाडीवर, किती जोरात ताणलंत त्यावरही असतो, आणि खेळणं मुळातच पांढरं असेल तर काय दिसणार? खरं बघायचं ते वेगळंच. साच्यातून काढल्यावर चांगले कारखाने सिलिकॉन साधारण 200 अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, त्याने आत उरलेले, उडून जाणारे छोटे रेणू बरेचसे निघून जातात. यातलेच डी4, डी5, डी6 युरोपच्या केमिकल्स एजन्सीने 2018 मध्ये अत्यंत चिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलेत. हे तापवणं नीट झालंय का ते चिमट्याने कळत नाही, लॅबमध्येच कळतं, म्हणून टेस्ट रिपोर्ट मागा, आणि दोनदा धुऊनही उग्र वास येत असेल तर सरळ परत करा.

बीपीए फ्रीचं म्हणाल तर सिलिकॉन बनवायला बीपीए लागतच नाही, त्यामुळे त्या शिक्क्यावरून चांगलं-वाईट ठरत नाही.

आता फूड ग्रेड. हा शब्द फक्त मटेरियलबद्दल बोलतो, आकाराबद्दल नाही, आणि बाळाचा जीव जातो तो जास्त करून आकारामुळे. 3 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी 31.7 मिलिमीटर रुंदीचा एक सिलिंडर वापरतात, खेळणं किंवा त्याचा सुटलेला तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला तर ते नापास. फूड ग्रेड मणी घशात अडकला तरी श्वास तेवढाच बंद होतो! मैत्रिणीने घेतलेली होती मण्यांची माळ, चिमट्यात पास झालेली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याने, डिसेंबर 2018 मध्ये दात येतानाच्या अशा माळा-ब्रेसलेटविरुद्ध इशारा दिला, त्यात सिलिकॉनच्याही होत्या. 18 महिन्यांचं एक मूल झोपेत अंबरच्या (झाडाच्या जुन्या, कडक झालेल्या डिंकाच्या) माळेचा फास बसून गेलं होतं. मैत्रिणीने माळ लगेच टाकून दिली, देव पावला.

तुटत नाही हेही खोटं. अखंड असेपर्यंत सिलिकॉन भरपूर ताणतं, पण दाताने एकदा बारीक चीर पडली की तिथून झरझर फाटत जातं. पहिला दात दिसला की रोज खेळणं ओढून, वाकवून बघा, चीर दिसली की कचऱ्यात. पोकळ खेळण्यात भोकातून पाणी जाऊन आत बुरशी धरते, म्हणून मी तरी भरीव, एकसंध, कुठेही जोड नसलेलंच घेते.

आणि फ्रीझर नको. सिलिकॉनला काही होत नाही, पण इतक्या गार वस्तूने हिरड्यांना इजा होऊ शकते. साध्या फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवलेलं पुरे.