ब्रिटनमधली ‘लाट’ मतपेटीत दिसत नाही

जुलै २०२४ च्या ब्रिटिश निवडणुकीबद्दलचा एक मजकूर मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात: तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक भारतीय वंशाचे म्हणून गोऱ्यांनी त्यांना पाडलं, विरोधातल्या मजूर (लेबर) पक्षाची प्रचंड लाट आली, आणि सुनकांचा हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्ष कायमचा संपला. पहिली गोष्ट आपल्या मनाला चटकन पटते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

सुनक स्वतः पडलेच नाहीत. उत्तर यॉर्कशायरमधल्या रिचमंड अँड नॉर्थअ‍ॅलर्टन या ग्रामीण मतदारसंघात बहुतेक सगळे मतदार गोरे आहेत. तिथून ते १२ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पडल्या त्या त्यांच्या आधीच्या पंतप्रधान लिझ ट्रस. पडले संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स आणि पेनी मॉर्डंट, जेकब रीस-मॉग हे पक्षाचे बडे नेते. हे सगळे गोरे. हुजूर पक्षाने अख्ख्या देशात एकच जागा दुसऱ्या पक्षाकडून खेचून घेतली, ती लेस्टर ईस्टची, आणि तिथे जिंकल्या शिवानी राजा. चार महिन्यांनी याच पक्षाच्या सदस्यांनी नायजेरियन आईवडिलांच्या मुलीला, केमी बेडनॉक यांना, नेतेपदी निवडलं.

ब्रिटनमध्ये वंशद्वेष नाही, असं मी म्हणत नाही. याच प्रचारात नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके या पक्षासाठी फिरणाऱ्या एकाने सुनकांबद्दल काढलेले घाणेरडे उद्गार छुप्या कॅमेऱ्याने टिपले होते. पण सरकार पडायला तेवढं कारण पुरत नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला सुनक पंतप्रधान झाले, तेव्हाच जनमत चाचण्यांत त्यांचा पक्ष वीसहून जास्त टक्क्यांनी मागे होता. महिनाभर आधी ट्रस सरकारच्या करकपातीच्या घोषणांनी पौंड गडगडला होता आणि घरकर्जाचे व्याजदर भडकले होते. त्या ऑक्टोबरात महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला. टाळेबंदीत पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या पार्ट्या लोक विसरले नव्हते; त्या प्रकरणात तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यासोबत सुनकांनाही दंड झाला होता. चौदा वर्षांच्या सत्तेचा हिशेब लोकांनी चुकता केला. तो निव्वळ कातडीच्या रंगावर ढकलणं म्हणजे त्या मतदारांनी काय सोसलं, ते पुसून टाकणं आहे.

आता लाट. मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, हे खरं. मतं मिळाली ९७ लाख, म्हणजे ३३.७ टक्के. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली हाच पक्ष दारुण हरला, तेव्हा त्याला १ कोटी २ लाखांहून जास्त मतं होती! दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या कमी टक्क्यांवर कुणालाही स्पष्ट बहुमत मिळालं नव्हतं.

मग जागा आल्या कुठून? मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, ही पद्धत आपण त्यांच्याकडूनच घेतली. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, त्या तशाच. २०१९ मध्ये नायजेल फराज यांच्या ब्रेक्झिट पार्टीने हुजूर पक्षाच्या ताब्यातल्या ३१७ जागांवर उमेदवार दिले नव्हते. २०२४ मध्ये त्यांचा रिफॉर्म पक्ष जवळजवळ सगळीकडे उभा राहिला आणि हुजूर पक्षाची मतं फुटली. ट्रस यांच्या साउथ वेस्ट नॉरफकमध्ये मजूर उमेदवार सुमारे २७ टक्के मतांवर ६३० मतांनी जिंकला. रिफॉर्मने तिथे जवळपास १० हजार मतं खाल्ली. देशभरात रिफॉर्मला ४१ लाख मतं मिळाली आणि जागा फक्त ५. लिबरल डेमोक्रॅट्सना ३५ लाख मतांवर ७२ जागा, कारण त्यांची मतं मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली होती. यात चाळीस लाख लोकांच्या मताला किंमत राहत नाही. फराज यांचं राजकारण मला अजिबात मान्य नाही, तरी हा अन्याय मला खटकतो.

हुजूर पक्ष संपला का? १२१ जागा हा त्यांच्या इतिहासातला नीचांक आहे. पण १९९७ मध्ये १६५ वर आलेला हाच पक्ष २०१० मध्ये पुन्हा सत्तेत बसला. उलट उदाहरणही आहे: १९०६ मध्ये दणदणीत बहुमत मिळवणारा लिबरल पक्ष १९२४ मध्ये ४० जागांवर आला आणि सत्तेचा दावेदार म्हणून पुन्हा कधीच उभा राहिला नाही. हुजूर पक्ष यातल्या कुठल्या वाटेने जाईल, हे ठरायचं आहे. ‘कायमचा’ हा शब्द आत्ताच वापरायला आधार नाही.

आणि ज्यांच्या नावाने लाट म्हणतात, त्यांचं काय झालं? रनकॉर्न अँड हेल्सबी ही जागा मजूर पक्षाने २०२४ मध्ये १४ हजारांहून जास्त मतांनी जिंकली होती. मे २०२५ च्या पोटनिवडणुकीत ती रिफॉर्मकडे गेली, ६ मतांनी.